पाटाचं पाणी आणि पुण्याचे पाहुणे

तुम्ही नळ सोडला की पाणी येतं, म्हणून आधी आपल्या पाटाविषयी सांगायला हवं. नाहीतर पुढची भांडणं तुम्हाला कळणार नाहीत, आणि भांडणं कळली नाहीत तर आपला गावही कळणार नाही.

गावाच्या मधून एक व्हाळ वाहतो. व्हाळ म्हणजे लहान ओढा. भातकापणी झाली की त्याच्यावर दगड, माती आणि पाला रचून बांध घालतात, आणि अडलेलं पाणी पाटाने, म्हणजे जमिनीतल्या अरुंद चरातून, एकेका बागेला नेतात. पाणी थोडं आणि माड-पोफळी फार, म्हणून प्रत्येकाची पाळी ठरलेली. आज तुमची, उद्या शेजाऱ्याची. ज्याची पाळी तो खोरं घेऊन पाटाच्या तोंडाशी बसून राहतो. बसावंच लागतं. आपण जेवायला घरी गेलो की वरच्या बागेतले सद्गृहस्थ पाटाच्या कडेला एवढंसं भोक पाडतात, आणि विचारलं की खेकड्याचं नाव सांगतात. आपल्या गावातल्या खेकड्यांइतके शेतीची आवड असलेले खेकडे मी दुसरीकडे पाहिले नाहीत.

पाटाच्या अगदी तोंडाशी अण्णांची बाग. अण्णा गावातले सर्वांत मोठे बागायतदार. घर उंचावर, जांभ्या चिऱ्याचं, दोन मजली. तिथून पाट उतरत उतरत यायचा, बरोबर मध्यावर आपल्या बागेला पाणी द्यायचा आणि खालच्या शेवटच्या पोफळीपाशी संपायचा. त्याच्या पुढे वाळू, आणि वाळूत मासेमारी करणाऱ्यांची वाडी. तिथे पाट जात नव्हता. वाडीतल्या विहिरी उन्हाळा लागला की मचूळ व्हायच्या. पण कोणी त्याबद्दल बोलत नसे, कारण खाली वाळूत राहायचं तर पाणी खारट असायचंच, असं वरच्या सर्वांना वाटत होतं.

मी आणि तुमचे आजोबा मुंबईच्या नोकऱ्या संपवून इथे राहायला आलो, त्यानंतर चार-पाच वर्षांतच पर्यटक यायला लागले. आणि एक मोठी गंमत झाली. पिढ्यान्‌पिढ्या ज्या वाळूला कोणी विचारत नव्हतं, तीच वाळू बघायला माणसं पुण्याहून गाडी काढून येऊ लागली. पाटाचं तोंड एकाएकी शेपूट झालं आणि शेपूट तोंड झालं.

वाडीतलं सगळ्यात शेवटचं घर वयनीचं. वयनी म्हणजे वहिनी. वयाने ती तुमच्या आईएवढी, पण सगळा गाव तिला वयनी म्हणायचा म्हणून मीही म्हणायची. तिचा नवरा गोव्याला ट्रॉलरवर होता आणि सणासुदीला तेवढा दिसायचा. पुण्याच्या एका कुटुंबाने तिच्याकडे ओले कपडे बदलायला जागा मागितली, आणि सुट्टी संपेपर्यंत ते कुटुंब तिथून हललं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी भावाला पाठवलं, भावाने साहेबाला. मग वयनीने घराच्या बाजूला दोन खोल्या बांधल्या आणि वर सिमेंटचे पत्रे घातले. फलक रंगवायला ती माझ्याकडे आली. गावातल्या पाट्या-फलकांची अक्षरं माझ्याकडे असायची. मी इंग्रजी शाळेत शिकवलेलं, त्यामुळे लोक मला बाई म्हणत.

“हौस आहे वाटतं पाहुण्यांची?” मी विचारलं.

“पावण्यांची खंयची हौस, बाईनू! माका माझो घोव घराक होयो. ह्यो दोन खोल्यो चालल्यो काय तेका सांगतंय, पुरे तुझी ती ट्रॉलर. ये हयसर आणि बांगडे साफ कर.”

घोव म्हणजे नवरा. खोल्या चालल्या तर नवरा घरी, नाही चालल्या तर गोव्याला. इतका सरळ हिशेब होता.

पण मे महिन्यात, म्हणजे ऐन गर्दीच्या दिवसांत, विहीर मचूळ. पुण्याच्या एक बाई न्हाऊन बाहेर आल्या तेव्हा त्यांचे केस काथ्यासारखे झाले होते. साबणाची वडी त्यांनी पुराव्यादाखल हातात धरली होती.

“वहिनी, तुमच्या पाण्यात काय आहे हो?”

“समुद्र,” वयनी म्हणाली.

बाई हसल्या, पण पुढच्या वर्षी आल्या नाहीत.

इकडे वर अण्णांनीही खोल्या बांधल्या. गुळगुळीत फरशी, पाश्चात्त्य पद्धतीचा संडास, गोड्या पाण्याने भरलेली टाकी, आरसासुद्धा माणूस पूर्ण दिसेल एवढा. पाहुणा मात्र एकही नाही, कारण अण्णांच्या घरापासून समुद्र तसा लांब. त्या पावसाळ्यात, गणपती उठले आणि अण्णांना समानतेचा साक्षात्कार झाला. देवळाच्या सभामंडपात गाव जमलेला असताना ते उभे राहिले.

“समुद्र देवान सगळ्यांका दिल्यान. बरोबर?”

सगळे म्हणाले, बरोबर.

“मगे पावणे एकाच वाडीत कित्या? बाकीच्यांनी काय पाप केल्यानी? पाण्याची जशी पाळी, तशी पावण्यांची पाळी घाला. लहान-मोठो कोण नाय. सगळ्यांका सारख्या.”

मला तर गहिवरून आलं. गावातला सर्वांत श्रीमंत माणूस आपण होऊन समानता मागतो आहे, असं दृश्य मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मी उठून एक छोटं भाषणही केलं. घरी येऊन पुठ्ठ्यावर पाळ्यांचा तक्ता आखला, लाल आणि निळ्या शाईत, आणि वर ठळक लिहिलं: सर्वांना समान संधी.

तुमचे आजोबा बराच वेळ तक्ता बघत राहिले.

“आपल्याकडे भाड्याची खोली नाही,” ते म्हणाले. “म्हणून तुला समानता इतकी स्वस्त पडते.”

मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. लग्नानंतर ही कला मी लवकर शिकले.

पाळीचा क्रम कुठून सुरू करायचा हे कोणी विचारलंही नाही. पाटाचा क्रम तोच पाहुण्यांचा. आधी अण्णा, मग खाली उतरत उतरत, आणि सर्वांत शेवटी वाडी. वाडीतही शेवटी वयनी. तिने तक्ता पाहिला.

“शेवटाक काय उरता तां आमका म्हायत आसा,” एवढंच ती म्हणाली.

आता पाहुणा वळवला की पाण्यासारखा वळतो, ही समजूत फक्त आपल्याच गावात होऊ शकते. दिवाळीच्या सुट्टीत पहिली पाळी अण्णांची, म्हणून अण्णा तिठ्यावर, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथे, खुर्ची टाकून बसले. पाण्यावर बसतात तसेच. डोक्यावर छत्री, पायाशी तांब्या. खोरं तेवढं नव्हतं. मी बाजारातून येत होते, तर पुण्याची गाडी येऊन थांबली. आतून नवरा, बायको आणि एक लहान मुलगी. त्यांनी वयनीच्या घराचा रस्ता विचारला.

परक्या माणसाशी अण्णा कचेरीतली मराठी बोलत. “ते घर बंद आहे,” ते म्हणाले. “म्हणजे उघडं आहे, पण पाळीने बंद आहे. आपली पाळी आमच्याकडे आहे.”

“आमची पाळी?” गृहस्थ घाबरले. त्यांना वाटलं काहीतरी सरकारी आहे. ते निमूट गाडी वर घेऊन गेले. मलाही अण्णांनी सोबत नेलं, कारण तक्ता माझा होता.

गच्चीवरून अण्णांनी त्यांना सगळं दाखवलं. बाग, टाकी, आरसा. मग बाई म्हणाल्या, “पण समुद्र कुठे आहे?”

“समुद्र आहे ना. हे बघा, माडांच्या वरती जे निळं दिसतं, ते.”

सगळ्यांनी टाचा उंचावून पाहिलं.

“बाबा, ते आकाश आहे,” मुलगी म्हणाली.

“त्याच्या खाली,” अण्णा म्हणाले.

जेवायला त्या दिवशी अण्णांकडे वरण-भात आणि अळूचं फदफदं होतं, कारण सोमवार होता. गृहस्थांनी दोनदा विचारलं, मासे कधी मिळतील, आणि दोनदा उत्तर मिळालं, उद्या. हात धुतले आणि तिघंही उतार उतरून समुद्रावर गेले. तिथून वासावर वासावर वयनीच्या पडवीत. पुढचे सगळे दिवस माणसं वयनीकडे होती आणि अण्णांकडे त्यांच्या बॅगा. झोपायला ती वर जात, पण गृहस्थ एका दुपारी पडवीतच जे झोपले ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत.

अण्णांनी पुन्हा गाव बोलावला. पाटाचा एक जुना कायदा आहे: दुसऱ्याच्या पाळीत जो पाणी घेतो, त्याची स्वतःची पाळी जाते. सभामंडपात खांबाला माझा तक्ता टांगलेला होता. त्याच्याखाली उभे राहून अण्णा म्हणाले, “माझ्या पाळयेचे पावणे हिच्या पडवेर जेवले. हिची पाळी रद्द करा.”

वयनी खांबाला टेकून उभी होती. “अण्णानू, मी तेंका वडून आणूक नाय. ते चलत इले.”

“पाणीय चलतच येता. तरी चोरी ती चोरी.”

“चोरी? माझ्या पडवेर बांगडो भाजतंय, तो वास काय मी तुमच्या घराक पाठवलंय?”

“होय! वारो खालसून वयर येता!”

यावर हसण्यात बराच वेळ गेला. पण पाळी गेली म्हणजे काय, हे वयनीला पक्कं माहीत होतं. फेरी मे महिन्यापर्यंत चालणार, आणि तिची पाळी सर्वांत शेवटी, मे महिन्यातच येणार होती. म्हणजे ऐन सुट्टीत तिच्या दोन्ही खोल्यांना कुलूप, आणि नवरा गोव्यालाच. तिने पदर खोचला.

“बरा,” ती म्हणाली. “पाण्याचो कायदो तर पाण्याचो कायदो. पावण्यांच्या पाळयेत आमची वाडी धरलास. मगे पाण्याच्या पाळयेत कित्या धरणास नाय?”

अण्णाच नव्हे, मधल्या बागांवाले आम्ही सगळेच मनात हिशेब करू लागलो. वाडी पाळीत आली म्हणजे प्रत्येकाचं थोडं थोडं पाणी कमी होणार. आतापर्यंत समानतेला मान डोलावणारी सगळी मंडळी जमिनीकडे बघू लागली. तुमचे आजोबा माझ्या कानाशी कुजबुजले, “आपल्या पोफळी वाळतील हं.” आणि मी, जिने शाईचे दोन रंग वापरून ते अक्षर काढलं होतं, ती क्षणभर पोफळीच मोजत होते.

अण्णा मात्र हुशार. ते गोड आवाजात म्हणाले, “अगो, पाणी तुमका बंद कोणी केल्यान? रस्तो सगळ्यांका मोकळो आसा. जो बांधाक हात लावता, तेका पाणी. पणज्यापासून चलत इल्ली रीत ती. तुमच्या वाडीतलो एक तरी माणूस कधी बांधार इलो?”

हे खरं होतं. वाडीला कोणी कधी नाही म्हटलं नव्हतं. फक्त बांध घालायचा दिवस नेमका मासेमारीच्या भरात यायचा, आणि वाडीतले पुरुष तेव्हा समुद्रात असायचे. दार सताड उघडं होतं. ते उघडायची वेळ वाडीला सोडून बाकी सर्वांना सोयीची होती.

“नाय इलो,” वयनी म्हणाली. “औंदा येतत.”

“या, या!” अण्णा मनापासून हसले, आणि गावही हसला. त्या हसण्यात आपण देवळात, गावासमोर शब्द देऊन बसलो, हे अण्णांच्या लक्षात आलं नाही. वयनीची पाहुण्यांची पाळी मात्र गावाने एकमताने रद्द केली. एकमतात मधल्या बागाही होत्या.

पंधरवड्याने बांधाचा दिवस आला. आम्ही व्हाळावर गेलो. बांधाला दरवर्षी माणसं कमीच पडत, कारण प्रत्येक घरातला तरुण मुलगा मुंबईला. अण्णा काठावर खुर्चीत, आणि त्यांच्या वाटची कामं करायला मजुरीचा एक माणूस. तेवढ्यात खालच्या वाटेने आवाज आला. वाडीतल्या बायका येत होत्या. लुगडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्यावर माशांच्या टोपल्या, आणि पुढे वयनी. तिच्यामागे तिचा नवराही होता. आजी वारली असं सांगून तो ट्रॉलरवरून सुट्टी काढून आला होता. ती आजी आधीही दोनदा वारली होती. आज्यांचा असाही उपयोग होतो, हे तुम्ही ध्यानात ठेवा, पण माझ्यावर वापरू नका.

अण्णा खुर्चीतून उठले. “बायकांनी बांध घालूची रीत नाय!”

“हात लावता तेका पाणी, असा तुमीच म्हणालात,” वयनी म्हणाली आणि दोन्ही पंजे त्यांच्यासमोर धरले. “ह्ये हात नाय तर काय पाय आसत?”

अण्णांनी आजूबाजूला पाहिलं, पण या वेळी कोणी त्यांच्या मदतीला आलं नाही. तुमच्या आजोबांची आदल्या वर्षी बांधावर कंबर धरली होती ती शिमग्यापर्यंत सुटली नव्हती. समोर इतके धडधाकट हात बघून ते तत्परतेने बाजूला झाले आणि म्हणाले, “या हो, या, इकडे दगड कमी पडतायत.” पोफळींचं ते पूर्ण विसरले. बायकांनी माशांच्या टोपल्यांतून दगड वाहिले. दरवर्षी संध्याकाळ व्हायची, तो बांध जेवणाच्या आधीच उभा राहिला. पुढे कितीतरी दिवस आमच्या बागेत बांगड्याचा वास येत होता.

वाडीला पाळी मिळाली. अर्थात शेवटची. पहिल्या दिवशी सगळी वाडी कळश्या, हंडे घेऊन वाळूच्या काठाशी उभी. पाणी आलं, आपल्या बागेच्या खाली उतरलं, शेवटची पोफळ ओलांडली, वाळूत शिरलं आणि नाहीसं झालं. वाळूने ते असं पिऊन टाकलं की ओल्या पट्ट्याशिवाय काही उरलं नाही. बायका बघत राहिल्या. मग वयनीच्या नवऱ्याने आमच्या बागेतल्या मेलेल्या पोफळी मागितल्या, मधोमध चिरून त्यांचे पन्हळ केले आणि वाळूवरून जोडत जोडत विहिरीपाशी ठेवलेल्या टाकीपर्यंत नेले. पुढच्या पाळीला टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला. बारीक धार होती, पण आवाज मोठा वाटला.

पाहुण्यांच्या पाळीचं काय झालं, तेही सांगते. तिठ्यावर खुर्ची बघितली की गाड्या थांबेनाशाच झाल्या. आमच्या गावात पाळी लागते ही बातमी पसरली, आणि पुण्याची माणसं सरळ शेजारच्या गावाला, तोंडवलीला जाऊ लागली. आपल्या पाटाचं पाणी शेजाऱ्याने चोरलं तर गाव एक वेळ सोडून देईल. दुसऱ्या गावाने नेलं तर नाही. शिमग्याच्या आधीच पाळी मोडली. मोडायलाही अण्णाच उभे राहिले.

“ही समानता-बिमानता काय कामाची?” ते म्हणाले. “बाजार मोकळो होयो. ज्याची लायकी, तेका गिरायक.”

सगळे म्हणाले, बरोबर. याच सभामंडपात, याच माणसांनी, त्याच आवाजात. मी तक्ता खांबावरून काढून आणला. पुठ्ठा चांगला होता. त्याच्या मागच्या बाजूवर वयनीसाठी नवा फलक रंगवला.

पाळी मोडली तशी तिची शिक्षाही गेली. मे महिन्यात दोन्ही खोल्या भरल्या, आणि टाकीत गोडं पाणी होतं. पण एक अडचण उरली. वाडीच्या पाळीच्या दिवशी वरच्या बागांमधले खेकडे फारच उत्साही होत, आणि खाली येईपर्यंत धार दोऱ्याएवढी उरे. तेव्हा पाटाच्या तोंडाशी दिवसभर बसायला माणूस हवा. वाडीत रिकामा पुरुष एकच. ट्रॉलरच्या मालकाचे निरोप येत राहिले, आणि वयनी कळवत राहिली की त्याला इकडे काम लागलं आहे. तो अण्णांच्या कुंपणाला पाठ लावून बसायचा आणि अण्णा कुंपणाच्या आतून त्याच्याशी गप्पा मारायचे. भांडण आपल्या जागी आणि तंबाखू आपल्या जागी, अशी आपल्याकडची रीत आहे.

माझ्या तक्त्यावर लिहिलं होतं तसं काही झालं असं मी तुम्हाला सांगणार नाही. अण्णांना अजूनही पहिलं पाणी मिळायचं आणि वाडीला शेवटचं, आणि पहिल्या आणि शेवटच्या पाण्यात किती फरक असतो ते बघायला तुम्ही इथे यायला हवं. पण त्या मे महिन्यात मी वयनीकडे गेले, तर पुण्याच्या एक बाई केसांना फेस लावून उन्हात उभ्या होत्या, आणि आत नवरा-बायकोचं भांडण चाललं होतं. बरेच दिवस एका घरात राहिल्याशिवाय येत नाही, तसलं ते भांडण होतं.

“काय झालं गो?” मी विचारलं.

“बगा ना, बाईनू!” ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. “सासूच्या येळेपासून मे म्हयन्यात ह्या घरात कढयेक मीठ कधी घालूक नाय, पाणीच तसला. आता टाकयेचा पाणी घातलंय, तर ह्यो म्हणता कढी आळणी.”

“आळणीच आसा,” आतून नवरा म्हणाला.

“गप रव रे. गोडा पाणी मिळाला, घोव मिळालो, आणि आता मीठ इकत घेवची पाळी इली माझ्यार.”